मजुरी पाडली कुणी?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या, माहेरवाशिणींचे झोके आणि सालदारांचे सौदे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खान्देशात शेतातल्या वर्षाच्या गड्याचं, म्हणजे सालदाराचं, साल आखाजी ते आखाजी धरतात. जुना हिशोब मिटतो, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली का अंगावर राहिली ते बघतात, आणि पुढच्या सालाचा आकडा ठरतो. चोपडा तालुक्यात आमचं घर, थोडी केळी, थोडा कापूस. मागची बारा-तेरा वर्षं आमचा सालदार सातपुड्याच्या पलीकडचा, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातला पावरा आदिवासी. त्याच्या आधीचा गावातल्याच भिलाटीतला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतला होता.

यंदा ओट्यावर गप्पा चालल्या होत्या आणि शेजारचे जिभाऊ बोलले, "त्या पावरा शेतस म्हनीसन शेती चाली ऱ्हायनी, नहीते आपला गावना कोन येस कामले?" म्हणजे पावरे आहेत म्हणून शेती चाललीय, नाहीतर आपल्या गावचं कोण येतं कामाला? भिलाटीतला एक जण तिथंच चप्पल काढून पायरीवर बसलेला, तो खाली बघतच म्हणाला, "येतस ना जिभाऊ, पन रोज ते बरा द्या." जिभाऊ हसले, चहा आला, विषय बदलला. मला मात्र तो विषय काही सोडेना, कारण मला दोघंही खरं बोलतायत असं वाटत होतं आणि दोघंही खरे असले तर मग नक्की काय चाललंय?

परप्रांतीय म्हटलं की आपल्याकडे दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ते आले म्हणून आपल्या पोरांचं काम गेलं आणि रोज पडला. दुसरी म्हणते, आपलीच पोरं आळशी, त्यांना बाईक आणि रील पाहिजे, काम नको. दुसऱ्या पार्टीत बहुतेक मजूर लावणारेच असतात हे पण बघून ठेवा. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या म्हणण्यातली चूक अशी की काम म्हणजे रेशनचा गहू नाही, पन्नास पोती आली, बाहेरच्याने दहा उचलली तर आपल्याला चाळीस राहिली असं ते नसतं. आमचा सालदार बायकापोरांसकट इथंच राहतो. तो गावातल्या दुकानातून किराणा घेतो, बाजाराच्या दिवशी चोपड्याला कपडे घेतो, त्याच्या गाडीचा हप्ता इथल्या शोरूमला जातो, रिचार्ज गावातलं पोरगं मारतं. आणि कायमचा गडी मिळाला म्हणूनच आमच्या आप्पांनी दोन एकरांची केळी साडेचार एकरांवर नेली. केळी म्हणजे बारा महिने काम, ठिबक बसवणारा आला, रोपांची गाडी आली, घड कापणारी टोळी आली, ट्रक भरणारे आले, आणि ह्यातले कितीतरी आमच्याच गावचे. म्हणजे एका माणसाने एक जागा घेतली आणि थोडं नवीन काम पण तयार केलं. किती घेतलं आणि किती तयार केलं, भांडण खरं तर एवढंच.

ह्या भांडणातला जगातला सगळ्यात गाजलेला किस्सा क्युबाचा. १९८० साली फिडेल कॅस्ट्रोने मारिएल बंदर उघडं केलं, ज्याला जायचं त्याने जा म्हणाला, आणि एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्या दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं बोटींनी अमेरिकेत उतरली. त्यातली निम्मी तरी मायामी शहरातच राहिली. शहरातले कामकरी हात काही महिन्यांत सातेक टक्क्यांनी वाढले. आपल्या जळगावात असं झालं तर काय बोंब होईल विचार करा. डेव्हिड कार्ड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली आकडे काढून बघितले, तर मायामीतल्या आधीपासूनच्या कामगारांच्या पगारावर आणि बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसेना. लोक चक्रावले. ह्या आणि अशाच कामांसाठी २०२१ चं नोबेल त्याला मिळालं.

पण गोष्ट तिथं संपत नाही. जॉर्ज बोर्हास हा दुसरा अर्थशास्त्रज्ञ, गंमत म्हणजे स्वतःच लहानपणी क्युबातून आलेला, त्याने पंचवीस वर्षांनी तेच आकडे परत चाळले आणि म्हणाला की सगळ्यांची सरासरी काय काढता, ज्यांची शाळा अर्धवट सुटलीय अशा पुरुषांकडे बघा, त्यांचा पगार १० ते ३० टक्के पडलाय. मग तिसरे उठले, म्हणाले तू धरलेली माणसं इतकी थोडी आहेत की त्यावरून असं काही म्हणता येत नाही. ते भांडण अजून चालू आहे. मला स्वतःला कार्डचं जास्त पटतं, पण बोर्हासचा प्रश्न टाळता येत नाही. सरासरी कुणाची? जिभाऊंची आणि पायरीवरच्या माणसाची सरासरी काढली तर गाव सुखी दिसतं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये ह्या सगळ्या अभ्यासांचा एक जाडजूड आढावा घेतला. दहा-बारा वर्षांच्या हिशोबात बघितलं तर स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम फार थोडा असं त्यांचं म्हणणं. आणि जिथं फटका दिसतो तिथं तो सगळ्यात आधी कुणाला बसतो? आधी आलेल्या बाहेरच्यांना, आणि मग शाळा सोडलेल्यांना. हे वाचलं तेव्हा मला जळगाव एमआयडीसीतला एक बिहारी फिटर आठवला, दहा वर्षांपासून इथला, तो मला चहाच्या टपरीवर सांगत होता की नवीन पोरं येतात ती कमी पैशात राबतात आणि आमचा रेट खराब करतात. हुबेहूब आपली तक्रार, फक्त हिंदीत.

जर्मनीचं एक उदाहरण मला ह्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून गेलं. १९९१ पासून जर्मनीने चेक देशातल्या लोकांना सरहद्दीजवळच्या काही जिल्ह्यांत कामाला यायची परवानगी दिली, पण राहायची नाही. सकाळी यायचं, काम करायचं, परत जायचं. तिथं स्थानिकांची मजुरी थोडीशीच हलली, पण नोकरीतली स्थानिक माणसं बरीच कमी झाली, जवळजवळ जेवढे आले तेवढी. आणि कमी कशी झाली? कामावरून काढलं फार थोड्यांना. नवीन घेणंच थांबलं. जो आत होता तो आतच राहिला, जो दारात उभा होता तो दारातच राहिला. म्हणून असं नुकसान डोळ्याला दिसत नाही, कारण कुणाच्या हातात नोटीस पडत नाही, फक्त बारावी झालेलं पोरगं वर्षभर फोन लावत बसतं आणि मग घरचे त्यालाच आळशी म्हणतात.

आणि ते चेक लोक पगार खर्च करायला आपल्या गावी जायचे, त्यामुळे जर्मन दुकानदाराचा धंदा काही वाढला नाही. आमच्याकडे कापूस वेचणीला हेच चालतं. वरल्याकडून, सेंधव्याकडून क्रूझर गाड्या भरून येतात, एका गाडीत पंधरा-वीस जण, बाया, पोरं, टपावर पण दोघं. दिवस उगवायला शेतात, किलोवर वेचणी, संध्याकाळी वजन, पैसे, गाडी परत. गावात त्यांचा खर्च किती, तर तंबाखूची पुडी आणि पोरांना कुरकुरे. सालदार राहतो म्हणून गाव थोडं वाढतं, क्रूझर येते-जाते म्हणून भिलाटीतल्या बाईचा किलोमागचा भाव वाढायचा तो अडकतो. दोघंही आपल्या लेखी 'बाहेरचे', पण दोघांचा परिणाम एकमेकाच्या उलटा.

मग क्रूझर बंद करा, असं कुणीतरी म्हणणारच. ते पण करून बघितलंय जगाने. मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर अमेरिकेत न्यायची एक योजना होती, ब्रासेरो, ती १९६४ च्या शेवटी बंद केली, उघड हेतू हाच की बाहेरचे गेले म्हणजे अमेरिकन मजुराचा रोज वाढेल. तो काही त्यामुळे वाढलेला दिसला नाही. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायचं मशीन आणलं आणि तीन-चार वर्षांत कारखान्याला जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो मशीनने निघायला लागला, ज्या पिकाला मशीन नव्हतं त्यातली काही पिकंच कमी केली. आता आपल्याकडे बघा. निंदणी हे बायांचं काम, पावसाळाभर त्यावर घर चालायचं. ती निंदणी पावऱ्यांनी नाही नेली, तणनाशकाच्या पंपाने नेली. चार बायांचं दोन दिवसांचं काम एक पोरगं दुपारपर्यंत फवारून मोकळं होतं. पंपाला कुणी परप्रांतीय म्हणत नाही.

आणि आपली दुसरी बाजू, जी आपण सोयीने विसरतो. खान्देशी माणूस स्वतःच बाहेरचा आहे, कुठं तर सुरतेत. उधना, लिंबायत, पांडेसरा फिरून या, अर्धं धुळं-नंदुरबार भेटतं, तिथं अहिराणी बोलून भाजी घेता येते. माझे दोन मावसभाऊ तिथंच लूमवर आहेत, एक टेम्पो चालवतो. भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीत दिवाळीनंतर जागा मिळवून दाखवा. आपण तिथं काय केलं? कुणाचं तरी काम घेतलं, कुणासाठी तरी तयार केलं, तेच जे सगळे करतात.

ह्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट बारडोलीकडची आहे. यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातच्या मजुरांमध्ये आयुष्यभर हिंडून काम केलं. बारडोली भागात साखर कारखाने आले तेव्हा गावोगाव हळपती भूमिहीन मजूर रिकामे बसलेले होते, उसाला हात जवळच होते, तरी कारखान्यांनी ऊसतोडीला टोळ्या आणल्या त्या आपल्या धुळे जिल्ह्यातून (नंदुरबार तेव्हा त्यातच होतं, १९९८ मध्ये वेगळं झालं). का? खान्देशी मजूर काही जास्त दणकट होता म्हणून नाही. तो मुकादमाकडून उचल घेऊन आलेला, बायकोपोरं उसाच्या पाचटाच्या खोपीत, गाव दीडशे किलोमीटर लांब, रात्री दोनला ट्रक भरायला उठवलं तर उठणार, हिशोब हंगाम संपल्यावर. हळपतीला संध्याकाळी घर होतं, त्याला "उद्या नाही येत" म्हणता यायचं. म्हणजे हळपतीचा भाव आपल्या माणसाने पाडला आणि आपला माणूस त्यात फार काही कमावून आला असं पण नाही. पाडणारा तिसराच होता आणि तो ना गुजराती मजूर होता ना खान्देशी.

माझं म्हणणं काय ते इथं आहे. माणूस कुठून आला ह्याने मजुरी तेवढी पडत नाही जेवढी तो कसा आणला गेला ह्याने पडते. ज्याला काम सोडून जाता येत नाही अशा माणसाच्या शेजारी काम करायला लागलं की ज्याला जाता येतं त्याचा पण भाव पडतो.

उलटं पण तपासून बघा. सत्तरच्या दशकात शहादा-तळोद्यात बाहेरचं कोण होतं? कुणीच नाही, सालदार तिथलेच भिल, जमीन पण एकेकाळी त्यांचीच, तरी साल म्हणजे जवळजवळ फुकटात होतं. ते हललं ते अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ ला उभी राहिलेली श्रमिक संघटना ह्यांनी माणसं एकत्र केली तेव्हा. त्याच काळात दुष्काळी कामं निघाली, पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा आला, आणि "तुझ्याकडे नाही तर खडी फोडायला जाईन" एवढं तरी मजुराला तोंडावर बोलता यायला लागलं.

रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत २०२२-२३ ला पुरुष शेतमजुराचा सरासरी रोज मध्य प्रदेशात २२९ रुपये होता, गुजरातेत २४२, देशात ३४६ च्या आसपास, आणि केरळात ७६४. आमच्याकडे क्रूझर का येते हे पहिल्या आकड्यातच आहे. आणि केरळात बंगाल, आसाम, ओडिशातून लाखो मजूर जातात तरी रोज सगळ्यात जास्त. आता लगेच कुणी म्हणेल रोज जास्त म्हणूनच ते तिथं जातात, बरोबर आहे, ते गेल्याने रोज वाढला असं मी म्हणत नाही, पण निदान त्यांच्या जाण्याने तिथला मजूर रस्त्यावर आला असं काही दिसत नाही. गुजरातेत पण बाहेरचे ढीगभर, आणि तिथला शेतीतला रोज मध्य प्रदेशापेक्षा दहा-पंधरा रुपयांनीच वर. बाहेरचे दोन्हीकडे आहेत. फरक संघटनेचा आहे, रोज मागायच्या सवयीचा आहे.

ज्याला सोडून जाता येत नाही असा माणूस मालकाला का हवा असतो, हे मी एमआयडीसीत जवळून बघितलं. दोन वर्षं एका कंपनीत स्टोअरला होतो, नाव सांगत नाही. ठेकेदाराची बावीस पोरं, कंपाउंडमध्येच पत्र्याच्या दोन खोल्या, शिफ्ट कागदावर आठ तास आणि खरी बारा. बँकेत किमान वेतन जमा व्हायचं, एकदम कायदेशीर, आणि सात तारखेला ठेकेदाराचा माणूस एटीएमच्या बाहेर उभा राहून प्रत्येकाकडून साडेतीन-चार हजार रोख परत घ्यायचा. मी स्वतः बघितलंय, तो वहीत टिक करायचा. लोकल पोरं का घेत नाही विचारलं तर साहेब म्हणायचे, लोकल पोरगं दहाव्याला जातं, लग्नाला जातं, आखाजीला चार दिवस गायब होतं. त्यांना कारागिरी नको होती, त्यांना संध्याकाळी घरी न जाणारा माणूस पाहिजे होता. एक भडगावचं पोरगं असंच पैसे परत द्यायला नाही म्हणालं, दुसऱ्या महिन्यात ते नव्हतं. त्याच्या जागी आलेला गोरखपूरचा होता. बाहेरून बघणारा काय म्हणेल, भय्याने मराठी पोराची नोकरी खाल्ली.

सगळीकडे असंच आहे असं पण नाही हां. जळगावच्या सराफ बाजारात माड्यांवर बंगाली कारागीर बसतात, वर्षानुवर्षं, बारीक काम त्यांच्या हातात. जुनी सोनार घरं हळूहळू घडणीतून निघून दुकानात, होलसेलमध्ये गेली. म्हणजे बाहेरचा आल्यावर इथला एक पायरी वर सरकला. डेन्मार्कमध्ये निर्वासित आल्यावर तिथल्या कमी शिकलेल्या कामगारांचं असंच झाल्याचं आकड्यांत दिसतं, ते हातमेहनतीतून जरा बोलण्या-चालण्याच्या, डोक्याच्या कामात गेले आणि पगार पण वाढला. पण वर सरकायला पायरी लागते. सोनाराकडे दुकान होतं, भांडवल होतं, गिऱ्हाईक होतं. भिलाटीतल्या माणसाकडे काय आहे? आणि ज्याला सरकता आलं नाही, आयुष्यभर फुंकणी धरलेला म्हातारा सोनार, त्याचा हिशोब कुठल्या सरासरीत दिसत नाही.

राहता राहिले कायदे. ८० टक्के स्थानिक घ्या हा नियम आपल्याकडे शासन निर्णयाच्या कागदावर कितीतरी वर्षं आहे आणि ठेकेदाराच्या नावावर हजेरी लावली की तो संपतो. हरियाणाने तर कायदाच केला, ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक, तो पंजाब-हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. मला त्याचं दुःख नाही. उद्या सुरतेने तसा कायदा केला तर माझे मावसभाऊ घरी येतील आणि तीच दोन एकर तिघांत वाटून घ्यावी लागेल.

त्यापेक्षा कामाचा कायदा १९७९ चा होता, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. त्यात साधी गोष्ट होती, बाहेरून आणलेल्या मजुराला त्याच कामाची स्थानिकापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, वर ठेकेदाराने विस्थापन भत्ता द्यायचा. हे बाहेरच्याचं लाड करणं नाही, नीट बघा, हे इथल्याचंच संरक्षण आहे, कारण दोघांना सारखाच खर्च येत असेल तर लांबून माणूस आणण्यात ठेकेदाराचा फायदाच उरत नाही. तो कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत विरघळला, भत्ता गेला. आणि तो असताना तरी कुणी पाळला? ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून चालत निघाले होते आणि निघाले होते आपल्याच भुसावळला, तिथून गाडी मिळेल म्हणून. ते मध्य प्रदेशचे होते. ते कुणाच्या हजेरीवर होते, कुठं राहत होते, कसे जाणार होते, हे बघायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. आपल्याला भीती कुणाची वाटते, तर ह्यांची.

तर आखाजीचं सांगायचं राहिलं. आमच्या सालदाराचं मागचं साल एक लाख दहा हजार आणि धान्य असं होतं. यंदा आप्पांनी पाच हजार वाढवतो म्हटलं. तो काही बोलला नाही, उठून बांधावर गेला, फोनवर त्याच्या बारेली बोलीत कुणाशी तरी बोलला, आला आणि म्हणाला, शिरपूरकडे माझ्या साडूला एक लाख तीस देतायत, उचल पण नाही माझ्या अंगावर, मी जाऊ शकतो. मागच्या वर्षी पोरीच्या दवाखान्याची उचल अंगावर होती, तेव्हा तो असं बोलला नव्हता. आप्पा चिडले, दोन तास बोलले नाहीत, माझ्यावर पण चिडले, संध्याकाळी एक लाख अठ्ठावीसवर आले. तिसऱ्या दिवशी जिभाऊ तणतणत ओट्यावर आले, त्यांच्याकडे भिलाटीतला तो पायरीवरचा माणूस सालाचं विचारायला आला होता आणि त्याने पण एक लाख अठ्ठावीसच मागितले होते.